वैशाखातले विणकाम

आमच्या घरी विणकामाच्या सुया दसऱ्यानंतर बाहेर निघत आणि होळीच्या सुमारास पुन्हा पत्र्याच्या पेटीत जात. आजीने आणि आईने हा नेम कधी मोडला नाही आणि लग्नानंतर कितीतरी वर्षे मीही तो तसाच पाळला. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, दुपारी दारे-खिडक्या लावून घ्याव्या लागतात आणि कूलरच्या वाऱ्याबाहेर पाऊल टाकवत नाही. अशा दिवसांत लोकरीचा गोळा मांडीवर घेण्याची कल्पनाच कुणाला सुचत नाही, हे स्वाभाविक आहे. तरीही गेली काही वर्षे माझे सर्वांत जास्त आणि सर्वांत विचारपूर्वक विणकाम याच दिवसांत होते. ते कसे आणि का, हे एकदा सविस्तर लिहून ठेवावे असे मनात होते.

आधी साधा हिशेब सांगते. मोठ्या माणसाचा, ४० इंच घेराचा आणि २४ इंच लांबीचा स्वेटर ८ नंबरच्या सुयांवर इंचाला साडेपाच टाके आणि साडेसात ओळी या प्रमाणात विणला, तर पाठ आणि पुढचा भाग मिळून २२० टाके आणि १८० ओळी होतात. मुंढे (बाही जोडायची जागा) आणि गळा यांच्याजवळ कमी होणारे टाके वजा केले आणि दोन बाह्यांचे प्रत्येकी सुमारे दहा हजार टाके मिळवले, तर एकूण बेरीज ५५ ते ६० हजार टाक्यांच्या घरात जाते. माझा वेग मिनिटाला साधारण २५ टाक्यांचा आहे. म्हणजे नुसत्या विणण्याला ४० तास लागतात, आणि संसार सांभाळून रोज पाऊण तास मिळाला तरी पन्नासहून जास्त दिवस जातात. दिवाळीनंतर टाके घातलेला स्वेटर संक्रांतीला शिवून होतो, आणि तोवर नागपूरची खरी थंडी सरत आलेली असते. आईने विणलेले किती तरी स्वेटर आम्ही पुढच्या वर्षी घातले आणि तोपर्यंत त्यांच्या बाह्या आम्हाला आखूड झालेल्या असत. थंडीत अंगावर हवे असलेले वस्त्र उन्हाळ्यातच सुरू व्हायला हवे, हे मला या हिशेबाने पटवले.

पण उन्हाळ्यात केवळ हिवाळ्यासाठीच विणायचे, असेही नाही. विणलेले कापड म्हणजे लोकर आणि लोकर म्हणजे थंडी, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की आपण उन्हाळाभर विणलेलेच कापड अंगावर वागवतो याचा विसर पडतो. गंजिफ्रॉक हा शब्दच पाहा. इंग्लिश खाडीत गर्न्सी नावाचे बेट आहे. तिथल्या कोळ्यांचा घट्ट विणीचा लोकरी अंगरखा ‘गर्न्सी फ्रॉक’ म्हणून ओळखला जाई, आणि त्याच नावाचा आपल्याकडे गंजिफ्रॉक झाला. समुद्राच्या गार वाऱ्यात घालायचे ते जाड लोकरी वस्त्र आपल्या हवेत येऊन सुती, पातळ आणि घामाच्या दिवसांत अंगालगत घालायचे झाले. शेजारच्या जर्सी बेटाचे नाव असेच त्या विणीच्या कापडाला चिकटले. एखादा जुना गंजिफ्रॉक भिंगाखाली धरून पाहिला, तर बाहेरच्या बाजूला सुलट टाक्यांच्या बारीक, एकाखाली एक बसलेल्या खुणा आणि आतल्या बाजूला उलट टाक्यांचे उंचवटे स्पष्ट दिसतात. आपण दोन सुयांवर एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट विणतो, तीच ही वीण आहे. फक्त दोरा बारीक आणि हात यंत्राचा.

तेव्हा यंदाच्या उन्हाळ्यासाठी मी दोन कामे ठरवली. एक, स्वतःसाठी बिनबाह्यांचा, जाळीच्या विणीचा सुती टॉप, जो याच ऋतूत अंगावर यावा. आणि दुसरे, दिल्लीत शिकणाऱ्या लेकीसाठी पुढून उघडणारा लोकरीचा स्वेटर, जो दिवाळीला ती घरी येईल तेव्हा तिच्या हातात ठेवता यावा. दोन्हींचा आराखडा मी स्वतः केला आणि त्यात जे शिकायला मिळाले ते बहुतेक सारे सुती दोऱ्याकडून मिळाले, म्हणून त्याच्याविषयीच अधिक लिहिते.

सूत आणि लोकर यांचा स्वभाव मुळातच वेगळा आहे. लोकरीच्या तंतूला नैसर्गिक कुरळेपणा असतो; ओढला तर तो लांबतो आणि सोडला की पूर्वपदावर येतो. त्यामुळे लोकरीच्या विणीत आपल्या हाताचे लहानमोठे दोष झाकले जातात आणि कमरेची दोन सुलट-दोन उलट टाक्यांची पट्टी आपोआप आवळून बसते. कापसाच्या तंतूत ही लवचीकता फार थोडी असते. सुती टाका जसा पडला तसा दिसतो, आणि सुती पट्टी एकदा ताणली गेली की ताणलेलीच राहते. शिवाय कापूस जड असतो. त्याच्या तंतूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.५४ ग्रॅम आणि लोकरीची सुमारे १.३१ ग्रॅम आहे, त्यातच लोकर विणीमध्ये भरपूर हवा धरून ठेवते आणि सूत ती धरत नाही, त्यामुळे सारख्या मापाचे सुती वस्त्र हातात घेतले की वजनातला फरक लगेच जाणवतो.

हा फरक मी पुस्तकात शिकले नाही. तीन वर्षांपूर्वी विणलेला माझा पहिला सुती टॉप अंगात घातला तेव्हा कमरेखाली जेमतेम पोचत होता आणि संध्याकाळी उतरवला तेव्हा दोन इंचांनी लांब झालेला होता. पुढे प्रत्येक वेळी तो थोडा थोडा उतरतच गेला. इंचाला किती टाके भरतात हे पाहण्यासाठी आधी विणतात तो नमुन्याचा चौकोन मी विणला होता, मोजलाही होता. पण न धुता, टेबलावर पसरून. सुती कापड टेबलावर एक माप दाखवते आणि अंगावर लोंबताना दुसरे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

या वेळी म्हणून चौकोनावरच सर्वांत जास्त वेळ खर्च केला. ९ नंबरच्या सुयांवर ६ इंच रुंदीचा नमुना विणला, टॉप ज्या रीतीने धुणार त्याच रीतीने दोनदा धुतला आणि वाळवून मोजला. इंचाला पावणेपाच टाके आणि ७ ओळी भरल्या. त्यानंतर तो लोंबता मोजायचा होता, पण वजन किती लावायचे? मी विचार असा केला. अशा टॉपला सुमारे ३२० ग्रॅम दोरा लागेल, म्हणजे पुढच्या भागाला १६० ग्रॅम. हा भाग २० इंच रुंद, तर त्यातल्या ६ इंचांच्या वाट्याला ४८ ग्रॅम येतात. परंतु हे वजन सर्व ओळींवर सारखे पडत नाही. खांद्याजवळच्या ओळीला खालचे सगळे कापड तोलावे लागते आणि शेवटच्या ओळीला काहीच नाही. म्हणून सरासरी ताणासाठी त्याच्या निम्मे, म्हणजे २४ ग्रॅम पुरेत. दहा रुपयांचे नाणे ७.७१ ग्रॅमचे असते. अशी तीन नाणी पातळ कापडाच्या चिंधीत बांधली, चौकोनाच्या खालच्या कडेला बारीक पट्टी अडकवून तिला ती पुरचुंडी लावली आणि सगळे दोरीवर चिमट्यांनी टांगून दुसऱ्या दिवशी मोजले. आता इंचाला साडेसहाच ओळी भरत होत्या. मला २१ इंच लांबी हवी होती. टेबलावरच्या मापाने त्यासाठी १४७ ओळी विणल्या असत्या, तर अंगावर टॉप साडेबावीस इंचांहून लांब झाला असता. लोंबत्या मापाने १३६ ओळी पुरतात. अकरा ओळींचा हा फरक तीन नाण्यांनी दाखवला आणि तो पाहून झालेला आनंद मी अजून विसरलेले नाही.

दोरा निवडताना मात्र मी एका मोहाला बळी पडले होते, तेही सांगितले पाहिजे. वर्धा आमच्यापासून जवळ, सेवाग्राम जवळ, कापूस भोवताली पिकतो, केंद्रीय कापूस संशोधन संस्थासुद्धा आमच्याच शहरात. मग हातकताईच्या सुताचाच टॉप का विणू नये, असे वाटले. मिळालेले सूत सुंदर होते, किंचित पिवळसर पांढरे आणि हाताला जिवंत वाटणारे. त्याचे पाच पदर एकत्र घेऊन चौकोन विणला तर तो चौकोन न राहता एका बाजूला कलला आणि तिरपा चौकोन झाला. कारण उघड आहे. एकपदरी सुताला एकाच दिशेचा पीळ असतो, आणि असे अनेक पदर नुसते शेजारी शेजारी धरले तर तो पीळ सुटण्यासाठी प्रत्येक टाक्याला त्याच बाजूला ढकलत राहतो. पदर एकमेकांवर उलट्या दिशेने पिळले, तरच ताण मिटतो. याची परीक्षा सोपी आहे: दोऱ्याचा हातभर तुकडा दोन्ही टोके जवळ आणून लोंबता धरावा, तो स्वतःभोवती गुंडाळू लागला तर पीळ समतोल नाही असे समजावे. हे सूत मी अजून ठेवले आहे. चरख्यावर त्याला उलटा पीळ देऊन देणारे कुणी भेटले, तर त्याचे पुढे काही तरी निश्चित करीन.

अखेर चारपदरी, मर्सराइज केलेला दोरा घेतला. जॉन मर्सर या इंग्रजाने कापसावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करण्याच्या पद्धतीचे पेटंट १८५० मध्ये घेतले. त्याने कापूस बळकट होत होता आणि रंगही जास्त धरत होता, पण आटत होता. पुढे सुमारे चाळीस वर्षांनी होरेस लो याने हीच क्रिया दोरा ताणून धरून केली, तेव्हा त्याला आजची चमक आली. या दोऱ्याचे टाके फार ठसठशीत दिसतात आणि जाळीच्या विणीला तेच हवे असते. साध्या सुती दोऱ्याचा मऊपणा त्यात नाही, हे मान्य करून मी तो घेतला.

विणीसाठी आजीच्या वहीकडे वळले. शाळेच्या चाररेघी वहीत आजीने वर्षानुवर्षे नमुने उतरवले होते आणि तिची लिहिण्याची एक स्वतःची रीत होती: ‘सु.’ म्हणजे सुलट, ‘उ.’ म्हणजे उलट, ‘दो. पु.’ म्हणजे दोरा पुढे घेऊन वाढवलेला टाका. त्यातली नागमोडी जाळी मी निवडली. तिला आठाच्या पटीत टाके आणि वर एक लागतो. पहिल्या ओळीत एक सुलट विणून पुढे दर आठ टाक्यांत दोरा पुढे, २ सुलट, मग एक टाका न विणता उचलून, पुढचे दोन एकत्र सुलट विणून, उचललेला टाका त्यांच्यावरून ओलांडायचा, पुन्हा २ सुलट, दोरा पुढे आणि १ सुलट. दुसरी ओळ सगळी उलट. एवढेच. दर आठ टाक्यांत दोन वाढतात आणि दोन घटतात, म्हणून संख्या कायम राहते. पण घट एका उभ्या रेषेत आणि वाढ दुसऱ्या रेषेत येत असल्याने कापड एके ठिकाणी आत ओढले जाते, दुसरीकडे बाहेर ढकलले जाते आणि खालची कड आपोआप लाटांची होते. माझ्या दृष्टीने या विणीचा मोठा गुण हाच आहे. सुती पट्टी आवळून बसत नाही, तर पट्टी घालायचीच कशाला? लाटांची कड जशी आहे तशी कमरेवर मोकळी सोडली आणि वाऱ्यालाही वाट राहिली.

टाक्यांचा हिशेब जुळवताना मला खरे समाधान मिळाले. २० इंचांना पावणेपाचच्या मापाने ९५ टाके हवेत. आठाच्या पटीत आणि वर एक असे ८९ किंवा ९७ येतात. शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक टाका धरून मी ९९ घातले आणि घेर पाऊण इंचाने वाढू दिला, कारण उन्हाळ्यातले वस्त्र अंगाला चिकटू नये. १२ लाटा आल्या. मुंढ्याला प्रत्येक बाजूची एक लाट, म्हणजे ८ टाके, एकदम बंद करायचे आणि दुसरी लाट एका आड एका ओळीत एकेक टाका घटवत संपवायची. उरतात ६७ टाके, म्हणजे पुन्हा आठ पूर्ण लाटा, एक आणि कडेचे दोन. कुठेही नक्षी मध्येच तुटत नाही. घटवताना फक्त एक पथ्य पाळावे लागते: ज्या ‘दोरा पुढे’च्या जोडीची घट उरलेली नाही तो घ्यायचा नाही, नाहीतर टाके नकळत वाढत जातात. हे सगळे गोल सुईवर एकसंध विणता आले असते, पण मी मुद्दाम पाठ आणि पुढचा भाग वेगळे विणून बाजूंना शिवणार आहे. शिवण कापडाला कण्यासारखा आधार देते. खांद्याच्या शिवणीत आतून पातळ सुती फीतही घालणार आहे, कारण सगळा भार शेवटी तिथेच येतो.

हवेचा आणि हाताचा संबंध या दिवसांत फार जवळचा असतो. पहाटे साडेपाच ते आठ या वेळात गच्चीवर माझे टाके सारखे पडतात. दुपारी कूलरसमोर बसले तरी हात दमट होतात, दोरा बोटांवरून सरकत नाही आणि वीण नकळत घट्ट होते. म्हणून जाळीची ओळ सकाळी आणि नुसत्या सलग विणीचे काम दुपारी, अशी वाटणी मी केली आहे. पांढऱ्या सुतासाठी जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या सुया वापरू नयेत. घामट हाताने त्यांची करडी छटा दोऱ्यावर उतरते. बांबूच्या सुया ओलाव्याने किंचित खरखरीत होतात आणि सुती दोरा त्यांच्यावर अडतो, म्हणून मी गुळगुळीत स्टीलच्या सुया घेते. मुंबईत राहणारी माझी मावशी मात्र हा क्रम मानत नाही. तिथे सकाळही दमटच असते आणि ती मे महिन्यात फक्त क्रोशाचे काम करते.

लेकीच्या स्वेटरचा आराखडा याहून सोपा आहे, पण उन्हाळ्यामुळे त्याचा क्रम बदलावा लागला. मोठा भाग मांडीवर पसरवून विणणे या उष्म्यात अशक्य, म्हणून आधी बाह्या घेतल्या. बाही हातात मावते, मांडीला टेकत नाही आणि शिवाय तीच एक मोठा नमुना ठरते: पहिली बाही धुऊन मोजली की अंगाचे टाके निश्चिंतपणे ठरवता येतात. दुसरी गोष्ट वजनाची. किती लोकर शिल्लक आहे हे मी काट्यावर तोलून ठरवते. पण लोकर हवेतला ओलावा शोषते आणि आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत शोषूनही हाताला ओली लागत नाही. मे महिन्याच्या कोरड्या हवेत गच्चीवर तोललेली लडी आणि कूलरच्या खोलीत रात्रभर ठेवलेली तीच लडी यांच्या वजनात फरक पडतो. तेव्हा तोलायचे ते नेहमी एकाच खोलीत आणि एकाच वेळी.

या स्वेटरचा गळा आणि कॉलर अमेरिकेत असलेल्या भाचेसुनेने पाठवलेल्या एका नमुन्यावरून घेतला आहे. त्यात ६ नंबरच्या सुया लिहिल्या होत्या. आपल्याकडच्या जुन्या इंग्रजी क्रमात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते आणि अमेरिकी क्रमात जाड. त्यांची ६ नंबरची सुई ४ मिलिमीटरची, म्हणजे आपली ८ नंबरची. आपली ६ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते आणि तिच्यावर विणले असते तर कॉलर गळ्याभोवती ढिली पडली असती. नमुना कुठूनही आला तरी मी आता प्रथम मिलिमीटर विचारते.

हिवाळी पेटी उघडण्यासाठीही हेच दिवस योग्य. कसर लागते ती लोकरीला आणि रेशमाला; त्यांच्यातले प्रथिन तिच्या अळ्या खातात, सुताला त्या सहसा शिवत नाहीत. नवतप्यात, म्हणजे मेअखेरीच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, सकाळी दोन-तीन तास सगळे जुने स्वेटर उन्हात उलटसुलट घालून, झटकून आत घेतले की वर्षभर डांबराच्या गोळ्यांचा वास सोसावा लागत नाही. अ‍ॅक्रिलिकचे कपडे मात्र उन्हात घातले तरी त्यांच्यावर गरम इस्त्री किंवा वाफ कधी धरू नये. तो दोरा एकदा मेला की वीण पुन्हा उभी राहत नाही.

आज पाठ पूर्ण होऊन धुऊन वाळत आहे आणि पुढचा भाग ७४ व्या ओळीवर आहे. मुंढा ८८ व्या ओळीला सुरू होईल. लेकीच्या दोन्ही बाह्या कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांसह सुती पिशवीत ठेवल्या आहेत आणि अंगाचे टाके मृगाचा पहिला पाऊस पडून गारवा आल्यावर घालीन. तोवर इतवारीच्या बाजारात जाऊन बटणे पाहायची आहेत. नारळाच्या करवंटीची, चार भोकांची, पाऊण इंचाची सात बटणे हवीत. काजांची जागा मी आधीच वहीत आजीच्या रीतीने लिहून ठेवली आहे.